एक तीळ सात जणींत

(मिरज तालुक्यातल्या गटांच्या मासिक मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. शेतातल्या कामामुळे ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी कर्जाबद्दल बोलणार नाही, हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय भाकरीबद्दल, केकबद्दल आणि थाळीतल्या वडीबद्दल. गोल वस्तूचे सारखे तुकडे कसे करायचे, एवढाच विषय. मागच्या रांगेतलं हसू ऐकू आलं मला. "हे काय शिकवायचं, रोज करतोय की आम्ही!" बरोबर आहे. रोज करताय म्हणूनच बोलायचं. रोजच्या कामात चूक असली की ती रोज होते.

आपल्या बोलीत भाकरीच्या तुकड्यांना किती छान शब्द आहेत बघा. अर्धी भाकरी. मग चतकोर, म्हणजे चौथा भाग. त्याहून लहान ती नितकोर. भाकरी मधोमध मोडली की निम्मी, निम्मी पुन्हा मोडली की चतकोर. हे हाताला जमतं, कारण निम्मं करणं सगळ्यात सोपं. दोन तुकडे एकमेकांवर ठेवले की लगेच कळतं सारखे झाले की नाही. दोनाचे चार, चाराचे आठ.

पण भाकरीच्या तिसऱ्या भागाला काय म्हणतो आपण? पाचव्या भागाला? सातव्याला? रोजच्या बोलण्यात चतकोरासारखा सुटसुटीत शब्द मला तरी सापडला नाही. मोडून मोडून तीन, पाच, सात होत नाहीत. तिथे हात अडखळतो आणि आपण म्हणतो, "चालतंय की, थोडं इकडं-तिकडं."

आणि गंमत अशी, की माया सांगायची वेळ आली की आपण नेमके सातच जण धरतो. "एक तीळ सात जणांत वाटून खाल्ला" असं म्हणतो. वाटायला फार अवघड असलेला हा आकडा. का अवघड, ते पुढे सांगते.

थोडं इकडं-तिकडं झालं तर काय होतं

आपल्याच भागातल्या एका गटाची गोष्ट आहे. गावाचं आणि गटाचं नाव घेत नाही. केकचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या पाच सदस्यांनी मिळून हळदी-कुंकवाची ऑर्डर घेतली. १२० बायका, प्रत्येकीला एक तुकडा, तुकड्याला २० रुपये. हिशेब साधा होता. आठ इंची १० केक, प्रत्येकाचे १२ तुकडे, झाले १२०. पाच जणींनी घरी दोन-दोन केक भाजले आणि घरीच कापून आणले.

वाटायला घेतले तेव्हा तुकडे भरले १०७. तेरा बायकांना केक मिळाला नाही. यजमानीण बाईंनी २६० रुपये कापून घेतले आणि वर म्हणाल्या, पुढच्या वेळी बेकरीतूनच आणू. मग गटात सुरू झालं. एक म्हणाली, माझे तुकडे मोठे होते, म्हणून तर केकचं कौतुक झालं. दुसरी म्हणाली, तुझ्या मोठ्या तुकड्यांमुळेच कमी पडले. २६० रुपयांचा तोटा कुणी सोसायचा यावरून दोघी जणी पुढच्या तीन बैठकांना आल्या नाहीत. त्यांची बचत थांबली, आणि त्यातल्या एकीचं कर्जाचं काम चाललं होतं तेही अडकलं.

कुणी चोरी केली होती का? नाही. कुणी कामात कसूर केली? तीही नाही. मी प्रत्येकीला विचारलं, बारा तुकडे कसे केले? उत्तर सगळ्यांचं एकच. आधी चार चतकोर केले, मग चतकोराचे तुकडे केले. चतकोराचे तीन करायचे होते. पण तीन करणं हाताला जमत नाही. म्हणून दोन चतकोरांचे तीन-तीन झाले आणि दोन चतकोरांचे दोन-दोन. तीन, तीन, दोन, दोन. बारा व्हायचे तिथे काही केकचे दहाच झाले.

आता बघा, चतकोराचा निम्मा म्हणजे केकचा आठवा भाग. चतकोराचा तिसरा म्हणजे बारावा भाग. आठवा भाग बाराव्याच्या दीडपट असतो. म्हणजे एकाच केकमधून एकीच्या ताटलीत एक तुकडा आणि शेजारणीच्या ताटलीत दीड. दोघींनाही ते दिसतं. बोलत नाहीत, पण दिसतं. गिऱ्हाईक असंच तुटतं.

डोळ्यावर भरवसा का ठेवायचा नाही

आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या तारेचंच उदाहरण घ्या. तार बरोबर निम्म्यावर दाबून छेडली तर तोच स्वर वरच्या सप्तकात वाजतो. निम्मं जरा चुकलं तर कान लगेच सांगतो. भाकरीला, केकला असा आवाज नाही. तुकडा लहान निघाला तर तो बोलत नाही. म्हणून तिथे दुसरं साधन लागतं: कागद, दोरी आणि टेप. तिन्ही आपल्या घरात आहेत.

आधी मध्य शोधा. केक भाजताना आपण डब्याच्या तळाला बटर पेपर गोल कापून घालतो ना, तसाच आणखी एक गोल कापा. त्याची मधोमध घडी घाला, उघडा, दुसऱ्या दिशेने पुन्हा मधोमध घडी घाला. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात, तो मध्य. हाच कागद आपला साचा. केक गार झाला की त्यावर साचा हलकेच ठेवायचा, मध्याला आणि कडेला टूथपिकने टोचून खुणा करायच्या, कागद काढायचा, मग सुरी लावायची.

आता आकडे घेऊ.

चार, आठ, सोळा हवे असतील तर कागदाला घडीवर घडी घालत जा. दोन घड्यांत चार, तीन घड्यांत आठ, चार घड्यांत सोळा.

सहा हवे असतील तर एक सुंदर युक्ती आहे. दोरी मध्यापासून कडेपर्यंत धरा, तेवढीच कापा. आता ती दोरी कडेच्या एका खुणेपासून कडेवरच्या पुढच्या जागेपर्यंत ताणून धरा, तिथे खूण करा, तिथून पुन्हा पुढे. बरोबर सहा पावलांत तुम्ही पहिल्या खुणेवर परत येता. जराही कमी नाही, जराही जास्त नाही. भाकरी लहान असो की मोठी, तिच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर तिच्या कडेवर सहा वेळा बसतं. घरी जाऊन ताटावर करून बघा.

तीन हवे असतील तर या सहा खुणांतली एक आड एक घ्या. बारा हवे असतील तर सहाच्या प्रत्येक भागाचा निम्मा करा. त्या गटाला हवे होते ते बारा हेच. आधी सहा करा, मग निम्मे. आधी चार करून मग तीन करायला गेलं की फसतं. क्रम बदलला की काम सोपं होतं.

पाच, सात, नऊ, दहा यांना घडी चालत नाही. इथे शिवणकामाची टेप घ्या. डब्याची कड बाहेरून टेपने मोजा. आठ इंची डबा म्हणजे साधारण २० सेंटिमीटर रुंद. त्याची कड भरते जवळपास ६३ सेंटिमीटर. जितके तुकडे हवेत तितक्याने भागा. सात हवेत तर ९ सेंटिमीटरवर एक खूण. नऊ हवेत तर ७ सेंटिमीटरवर. दहा हवेत तर ६.३ सेंटिमीटरवर. पाच हवेत तर १२.६ सेंटिमीटरवर. तुमचा डबा वेगळा असेल तर तुमची कड मोजा, रीत तीच. फक्त एक लक्षात ठेवा: टेप कडेच्या वळणाबरोबर फिरवायची. सरळ पट्टीने मोजलं तर आकडा वेगळा येतो.

आणि सुरी? तुकडे सम असतील, सहा, आठ, दहा, बारा, तर या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ कापलं तरी चालतं. पण पाच, सात, नऊ असतील तर प्रत्येक काप मध्यापासून कडेकडे. तिथे आरपार कापलं की समोरच्या तुकड्याचे दोन होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

साताची गोष्ट

सात अवघड का, ते आता सांगते. कंपास आणि आकडे नसलेली सरळ पट्टी, एवढ्या दोनच वस्तू घेऊन वर्तुळाचे बरोबर सात भाग कुणालाच करता येत नाहीत. कितीही हुशार असो. हे १८३७ साली वाँत्झेल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं. नवाचंही तसंच. म्हणजे तुमच्या हातून सात सारखे होत नव्हते त्यात तुमच्या हाताचा दोष नव्हता.

पण काम अडत नाही. आपल्याच महाराष्ट्रात याचं उत्तर सापडतं. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, तसा शिलालेख तिथे आहे. (हा चांगदेव वेगळा, ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले चांगदेव वेगळे.) लीलावती ही भास्कराचार्यांची लेक, असं सांगतात. ते खरं की दंतकथा, हे बाजूला ठेवू. पण त्या ग्रंथातली काही गणितं एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत, हे खरं. "गणित बायकांचं काम नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला पावणेनऊशे वर्षांपूर्वीचं हे पुस्तक दाखवा.

त्या ग्रंथात भास्कराचार्यांनी वर्तुळात बसणाऱ्या तीन बाजूंच्या आकृतीपासून नऊ बाजूंच्या आकृतीपर्यंत प्रत्येकीची एक बाजू किती, ते आकडे दिलेत. वर्तुळाची रुंदी १,२०,००० धरली तर साताची बाजू ५२,०५५. हा आकडा आपल्या आठ इंची केकला लावला तर खुणांमधलं सरळ अंतर येतं ८.७ सेंटिमीटरच्या जरासं आत, आणि त्यातली चूक केसाच्या जाडीहूनही कमी.

ज्यांना आकडे नको असतील त्यांच्यासाठी दोरीची रीत. सहाच्या खुणा करा. त्यातली एक खूण सोडून पुढच्या खुणेपर्यंत दोरी सरळ ताणा, म्हणजे तीन भागांची बाजू झाली. ती दोरी दुमडून निम्मी करा. ही निम्मी दोरी कडेवर सात वेळा फिरवा. आठ इंची केकवर सातव्या पावलाला जेमतेम दीड मिलिमीटर कमी पडतं. सुरीचं पातं त्याहून जास्त जागा खातं. एक तीळ नाही, पण एक केक सात जणींत नक्की वाटता येतो.

इंच दुप्पट, माल चौपट

सारख्या तुकड्यांबरोबर दराची गोष्ट येते आणि इथे आपल्या कितीतरी जणी तोट्यात धंदा करतात.

समजा सहा इंची केक तुम्ही २०० रुपयांना देता. गिऱ्हाईक म्हणालं, बारा इंची किती? बहुतेक जणी म्हणतात ४००, कारण बारा म्हणजे सहाची दुप्पट. नाही हो! बारा इंची केक लांबीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट. जाडी तीच ठेवली तरी मैदा, अंडी, साखर, लोणी सगळं चारपट लागतं. ४०० ला दिला तर नुसत्या मालाचाही खर्च निघणं मुश्कील.

हिशेब असा करायचा. इंचाला इंचानेच गुणा. सहा सक ३६. आठ आठे ६४. दहा दाहे १००. बारा बारे १४४. आता या आकड्यांची तुलना करा. आठ इंची केक सहा इंचीच्या पावणेदोनपटीहून थोडा जास्त. दहा इंची जवळजवळ पावणेतीनपट. भाकरीलाही हाच नियम लागतो. सासूबाईंची आठ इंची भाकरी आणि तुमची सहा इंची भाकरी, दोघींनी "एक-एक खाल्ली" तरी दोघींचं जेवण सारखं नाही.

वडीचं थोडक्यात सांगते. गोल थाळीत वडी थापून चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकारात कापली की कडेला वेडेवाकडे तुकडे उरतात. गोलात बसेल तेवढा मोठ्यात मोठा एकच चौकोन घेतला तर थाळीचा साधारण ६४ टक्के भाग त्यात येतो, ३६ टक्के कडेला राहतो. तुकडे लहान केले तर कड कमी वाया जाते, पण जातेच. म्हणून विकायच्या वडीला चौकोनी ट्रे घ्या.

ट्रेच्या सात-आठ पट्ट्या सारख्या पाडायला आपली इतिवृत्ताची वही उपयोगी पडते. ट्रेच्या लांबीएवढी कागदाची पट्टी कापा. वही उघडून ती पट्टी रेघांवर तिरकी ठेवा. तिचं एक टोक एका रेघेवर, दुसरं टोक तिथून सात, चौदा किंवा एकवीस घरं सोडून असलेल्या रेघेवर येऊ द्या. सात घरं असतील तर प्रत्येक रेघ पट्टीला जिथे छेदते तिथे खूण, चौदा असतील तर एक आड एक, एकवीस असतील तर दर तिसरी. सात भाग सारखे पडतात. तिरकं कितीही धरलं तरी चालतं.

मध्य चुकला तर

कुणी म्हणेल, एवढी दोरी-टेप घेऊन जेवायला कोण बसणार? खरं आहे. घरी दोघी बहिणींना थालीपीठ वाटायचं तर एक गंमत सांगते. मध्य सापडला नाही तरी चालेल. थालीपिठावर कुठेही एक जागा धरा, अगदी एका बाजूला असली तरी. त्या जागेतून चार आरपार काप द्या, पण कापांमधला कोन सगळीकडे सारखा ठेवा, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखा. आठ तुकडे होतील, काही मोठे, काही बारीक. आता एक आड एक घ्या. पहिला ताईचा, दुसरा धाकटीचा, तिसरा ताईचा. शेवटी दोघींच्या वाट्याला बरोबर सारखं थालीपीठ येतं. हा प्रश्न १९६७ साली अमेरिकेतल्या एका गणिताच्या नियतकालिकात अप्टन यांनी मांडला आणि १९६८ साली त्याचं उत्तर छापून आलं. परदेशात पिझ्झा वाटताना हे सांगतात. आपण थालिपिठावर करून बघू.

यातून मला घ्यायचंय ते एवढंच: प्रत्येक तुकडा सारखा नसला तरी घेण्याचा नियम सारखा असेल तर वाटणी सारखी होते. म्हणून आता नियमाकडे येते.

कापेल ती शेवटी घेईल

दोन पोरं एका वडीवरून भांडत असतील तर आई काय करते? एकाला म्हणते तू काप, दुसऱ्याला म्हणते तू आधी निवड. कापणारा इतकं जपून कापतो की विचारू नका. दोनाहून जास्त असतील तरी हाच नियम चालतो: सगळे वाटे समोर मांडायचे, सगळ्यांनी निवडायचे, कापणारीने शेवटी उचलायचं.

गुळाची ढेप, चिंचेचा गोळा, अशा वेड्यावाकड्या वस्तू दोरीने मापता येत नाहीत. त्यासाठी पोलंडचे गणितज्ञ स्टाइनहाउस आणि त्यांच्या सोबत्यांनी एक रीत शोधली. १९४८ साली ती छापून आली. पहिलीने आपला वाटा म्हणून एक तुकडा काढायचा. पुढच्या प्रत्येकीने तो बघायचा. मोठा वाटला तर छाटायचा, छाटलेलं परत ढेपेत टाकायचं. सगळ्यांचं बघून झालं की जिने शेवटी छाटला, तिचाच तो तुकडा. कुणी छाटलाच नाही तर पहिलीचा. ती बाजूला, उरलेल्या पुन्हा तसंच करतात. स्वतःला लहान तुकडा नको म्हणून कुणी उगाच छाटत नाही, दुसरीला मोठा जाऊ नये म्हणून कुणी डोळेझाक करत नाही. "तू तुझं जास्त घेतलंस" म्हणायला जागाच उरत नाही.

आता हेच गटाच्या पैशाला लावा. ऑर्डरचा नफा वाटताना भांडण होतं ते पैसे कमी असतात म्हणून क्वचितच. भांडण होतं ते नियम नंतर ठरतो म्हणून. पैसे हातात आल्यावर जी पेटी उघडून बसते तीच नियम सांगते, तिलाच आधी दिसतं कुठला वाटा मोठा. म्हणून ऑर्डर घ्यायच्या दिवशीच इतिवृत्तात लिहा. केकचे तुकडे किती, कसे कापायचे, एकाच ठिकाणी कापायचे की घरी. कामाचे दिवस कुणाचे किती. वाटणी समान करायची की दिवसांप्रमाणे. दोन दिवस राबलेली आणि अर्धा दिवस आलेली यांना सारखे पैसे देणं म्हणजे सारखी वाटणी नव्हे. तोटा आला तर कसा सोसायचा, तेही लिहा. आणि जी हिशेब मांडेल, तिने आपला वाटा शेवटी उचलायचा.

त्या केकवाल्या गटाने हेच केलं. २६० रुपये पाच जणींत वाटले, ५२-५२. पुढच्या ऑर्डरपासून सगळे केक एकीच्या घरी आणून, बटर पेपरच्या साच्याने कापायचं ठरलं. दोघी परत बैठकीला येऊ लागल्या. आता त्यांच्याकडे साच्यांचा एक जाडजूड पुठ्ठ्याचा संच आहे, आठ, दहा, बाराचा.

मोजताना कुणाला विसरतो

शेवटचा मुद्दा. घरात रोज वाटणी कोण करतं? आपण. आणि शेवटी कोण घेतं? तेही आपणच. म्हणजे "कापेल ती शेवटी घेईल" हा नियम आपण पिढ्यान् पिढ्या पाळतोय. मग नियमाप्रमाणे आपल्याला सारखा वाटा मिळायला हवा. बऱ्याच घरांत तो मिळत नाही. असं का?

कारण मोजताना आपण स्वतःला धरत नाही. घरात सहा माणसं. आपण वाटे करतो पाच, आणि म्हणतो, "माझं काय, उरेल ते." वडीच्या कडेचे तुकडे, करपलेली भाकरी, आमटीचा तळ. हे उरणं म्हणजे वाटा नाही. नियम चांगला आहे, पण तो चालायला एक अट आहे: आधी सगळे वाटे समोर मांडायचे आणि त्यात कापणारीचा वाटा धरायचा.

ज्या घरात गरोदर सून आहे, बाळाला पाजणारी लेक आहे, पाळी सुरू झालेली पोरगी आहे, तिथे ही गोष्ट नुसती मायेची राहत नाही, ती रक्ताची आणि हाडांची होते. आपल्या शिबिरात रक्त तपासलं की हिमोग्लोबिनचा आकडा कमी आलेल्या बायकांना मी विचारते, काल रात्री काय जेवला? उत्तर येतं, "भाजी संपली होती ओ ताई." भाजी संपली नव्हती. ती पाच जणांत वाटली होती.

घरात उद्या भांडण करा असं मी म्हणत नाही. फक्त वाढायच्या आधी माणसं मोजा आणि मोजताना पहिलं बोट स्वतःवर ठेवा. सहा तर सहा. आणि हे आपल्या लेकीसमोर करा, लेकासमोरही करा. लेकीला नंतर वेगळं शिकवावं लागणार नाही, आणि लेक उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीला विचारेल, "तू घेतलंस का?"

पुढच्या बैठकीचं काम सांगते आणि थांबते. प्रत्येक गटाने सात जणींची टोळी करायची. एक गोल भाकरी, एक दोरी, एक टेप. दोरीने सात खुणा करून भाकरी कापायची आणि सातही तुकडे वजनकाट्यावर ठेवायचे. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या तुकड्यात किती फरक पडला, तो आकडा इतिवृत्तात लिहायचा. ज्या गटाचा फरक सगळ्यात कमी, त्यांनी पुढच्या मेळाव्यात बाकीच्यांना शिकवायचं. दोरी आणि टेप तुम्ही आणा. भाकरी मी आणते, आणि मोजताना मला धरायला विसरू नका.